चपखल

कवळी परत आली तेव्हा थोरली दुसऱ्याच कुणाच्या तरी दाढांना पॉलिश करत होती. मेणवालीने डबी तिच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "घ्या, तुमची लेक सासरहून परत. डॉक्टर म्हणतात, बसत नाही." मेणवाली म्हणजे शेजारच्या टेबलावर मेणात दात रोवणारी बाई, वयाने थोरलीहून लहान, जिभेने चांगली मोठी. थोरलीने मोटर बंद केली, हातावरची पांढरी पूड झटकली, मागच्या फडताळातून त्या तोंडाचा प्लास्टरचा साचा काढला आणि कवळी त्यावर ठेवली. टक्. मध्ये केस जाईल तर शपथ. तिने कडेवरून नख फिरवलं, टाळूच्या वळणावरून, मागच्या दाढांच्या खालून. नख कुठे म्हणता कुठे अडलं नाही. "बसते तर आहे," ती म्हणाली. "साच्यावर बसते हो. पण जेवायला काय साचा बसणार आहे? माप घेतानाच काहीतरी हललंय. वाकड्या मापाचा वाकडा साचा, आणि वाकड्या साच्यावर तुमची चपखल कवळी." हे थोरलीला कुणी सांगायची गरज नव्हती. साच्याला विचारू नये की बाबा रे, तू खरा का, तो होच म्हणणार, हे तीच दुसऱ्यांना सांगत आली होती. तिने मान डोलावली. ती अर्ध्यावरच थांबली, जिना उतरताना एक पायरी कमी निघावी तशी. कारण रविवारी तिने असंच नख फिरवलं होतं. असंच, याच बोटाचं, याच खुशीत. फक्त ते प्लास्टरवर नव्हे, तर

होडीच्या तळावर, जिथे नवा वासा कोरडाच ठेवून बघितला होता, एका टोकाला धाकटा आणि दुसऱ्या टोकाला ती, दोघंही गुडघ्यांवर. वासा खाली आला आणि हूं की चूं न करता तळाला लागला. मागपासून पुढपर्यंत. तिने नख फिरवत फिरवत अख्खी होडी रांगून काढली होती आणि उठून कंबर सरळ करत म्हणाली होती, "चपखल. जा, चिकटव." धाकट्याने तिच्याकडे बघितलं होतं ते तिला आता दिसलं, टेबलावरच्या दिव्याखाली, त्या परक्या कवळीच्या गुलाबी हिरडीवर. तो लाजला होता. चाळिशी ओलांडलेला, पाण्यावर करपलेला, खांदे दाराएवढे असलेला तिचा भाऊ, बहिणीने जा म्हटलं म्हणून लाजला होता. आणि तो आज चिकटवणार होता. आज सकाळीच. कदाचित आत्ता.

होडी वडिलांची, आता धाकट्याची. फायबरची, मासेमारीची, एका माणसाने चालवावी एवढी. वडिलांनी ती घेतली तेव्हा किनाऱ्यावर बाकी सगळ्या लाकडाच्या. लोकांनी हिचं नाव बादली ठेवलं आणि ते असं चिकटलं की वडीलही घरी येऊन म्हणायचे, आज बादलीने चांगली साथ दिली. बादली कुजणार नाही, किडणार नाही, गंजणार नाही, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं, आणि तो खोटं बोलत नव्हता, फक्त अर्धं बोलत होता. फायबर कुजत नाही. पण फायबरचा तळ म्हणजे नुसतं कातडं. त्याला हाड लागतं, आणि ते हाड म्हणजे पोटात लांबीने जाणारे दोन वासे, आतून लाकडाचे, वरून फायबरच्या कापडाने मढवलेले. वर्षानुवर्षं डेकच्या एका स्क्रूच्या भोकातून पाणी आत जात राहिलं. बाहेरून सगळं तुकतुकीत. धाकट्याने गेल्या उन्हाळ्यात डेक कापून उघडलं आणि वाशात पेचकस खुपसला तर तो मुठीपर्यंत आत गेला. आतून निघालं ते लाकूड नव्हे, चहा गाळून उरलेला चोथा. वास असा की दोघांनाही शिंका आल्या. "इतकी वर्षं मी कशावर उभा राहून जाळं ओढत होतो?" धाकटा म्हणाला होता. "सवयीवर," थोरली म्हणाली होती. मग दोघं हसत सुटली. त्या होडीत ती किती हसली होती हे तिला आता जरा खटकलं, कारण हसताना माणूस बघत नाही.

तिने फोन लावला. वाजत राहिला. तो उचलणार नव्हता हे तिला माहीत होतं. तोंडावर मास्क, हातात रबरी मोजे, फोन डब्याच्या पिशवीत, पिशवी खिळ्याला. तिने पुन्हा लावला, केवळ उठून उभं राहायला निमित्त हवं म्हणून. दातांचा कारखाना होता तो, एका लांबट खोलीचा; मालक खिडकीजवळ बसून भट्टीचं तापमान बघत होते. "मालक, मी निघते." "आणि ही परत आलेली?" "डॉक्टरांना नवीन माप घ्यायला सांगा. तोवर ही तोंडात घालू देऊ नका. आज टोचते आहे म्हणून तक्रार आली, उद्या जबडाच हिच्याप्रमाणे वाकेल, मग तक्रार पण येणार नाही." मालकांनी चष्म्यावरून बघितलं. "घरी कुणाचं काही?" "होडीचं." "बरं," मालक म्हणाले, होडी हे नाव एखाद्या आत्याचं असावं अशा गंभीर चेहऱ्याने. मेणवाली मागून ओरडली, "डबा घेऊन जा, उपाशीपोटी भांडण रंगत नाही!"

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि ती हात मांडीवर पालथे ठेवून बसली. घाबरली नव्हती. हे तिचं तिलाच विशेष वाटलं. घाबरायला शंका लागते आणि शंका तिला नव्हती. तिला सगळं दिसत होतं, एकेक दात वेगळा दिसावा तसं. जुने वासे पोटात होते तोवर खाली कशावर टेकली आहे याचं होडीला सोयरसुतक नव्हतं. होड्या दुरुस्तीच्या शेडवाल्याने ती गाड्यावरून आत आणली, मधल्या कण्याखाली ठोकळे सरकवले, दोन्ही बाजूंना लोखंडी टेकू लावले, टेकूंची डोकी हाताने फिरवून घट्ट केली, झालं. डोकी कुठे टेकली? जिथे हात पोचला तिथे. मागच्या भागात, कणा आणि बाहेरची कड यांच्या ऐन मधोमध. मग या दोघांनी हाडं काढली. एक काढून त्याजागी नवं बसवून मग दुसरं काढायचं, असं शहाण्या माणसाने केलं असतं; यांनी ग्राइंडरला लय सापडली तशी दोन्ही काढली, एका झपाट्यात, आणि रिकाम्या पोटात उभी राहून एकमेकांची धुळीने पांढरी झालेली तोंडं बघत बसली. त्या क्षणी पायाखालचा तळ हलला होता. आता बस वळली आणि खांदा खिडकीच्या काचेला लागला. तिला आठवलं. नुसतं आठवलं नाही, तळव्यांना कळलं. धाकटा उडी मारून म्हणाला होता, "ताई, बघ, ढोल!" आणि तळ खरंच ढोलासारखा बोलला होता, धुम्, आणि तिने पण उडी मारली होती, साडीचा पदर कमरेला, केसांत फायबरची कुसं, धुम्, धुम्. तिथेच ते तिला सांगितलं जात होतं. मऊ झालेल्या कातड्यात खालून दोन लोखंडी मुठी रुतत होत्या, दिवसेंदिवस, होडीच्या स्वतःच्या वजनाने. तळ आत ढकलला गेला. मग त्या आत गेलेल्या तळावर पुठ्ठा ठेवून, पेन्सिल फिरवून, त्यांनी वाशांचे आकार काढले. मग ते वासे बसले. न बसून सांगतात कुणाला?

पूल आला. खाली पाणी होतं, तेलकट, स्वस्थ, त्यावर नांगरलेल्या होड्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. ती त्यांच्या मागच्या बाजूंकडे बघत राहिली, जिथे तळ पाण्यातून बाहेर डोकावतो तिथे, बायका लग्नात दुसऱ्यांच्या साड्यांच्या काठांकडे बघतात तशी. मागचा भाग सपाट हवा. सुतासारखा. तिथे आत गेलेला खळगा असला की पाणी त्याला धरून होडीचं बूड वर उचलतं, आणि बूड वर उचललं की पुढची नाळ, होडीचं टोक, खाली जाते. शांत पाण्यात नुसती जड चालेल; धाकटा म्हणेल, नवे वासे जड झाले. पण परतताना, वारा पाठीशी, लाट मागून येऊन बूड उचलणार, त्यात खळगाही उचलणार, नाळ पुढच्या लाटेत कुदळीसारखी घुसणार, आणि होडीत एकटा माणूस. तिने हे चित्र फार वेळ बघितलं नाही. गरज नव्हती. सध्या तो माणूस शेडमध्ये कोरड्या जमिनीवर होता, आणि त्याला फक्त

थांबवायचा होता. हेच तर अवघड. कारण ती त्याला जन्मभर हेच करत आली होती. वडील समुद्रावर, आई कामावर, आणि उंबऱ्यावरून वडिलांचं ते एक वाक्य, "थोरले, बघ गं त्याच्याकडे," जे टाकून ते निघून जायचे आणि ती दिवसभर त्याच्याकडे बघत बसायची. थांब, पडशील. थांब, गरम आहे. थांब, आधी विचार. तो वाऱ्यासारखा, कुणाचं वाक्य पुरं होण्याआधी निघालेला. ती त्याच्या सदऱ्याच्या टोकाला. एकदा ते टोक तिच्या हातात राहिलं आणि तो सदरा तसाच टाकून उघडा पळाला. मोठा झाल्यावर त्याने शाळा सोडली तेव्हा ती थांब म्हणाली, तो पाण्यावर गेला तेव्हा थांब म्हणाली, लग्नाच्या वेळी मुलीच्या घरी निरोप गेल्यावर थांब म्हणाली, आणि दर वेळी तो थांबला नाही आणि दर वेळी त्याचं बरं झालं. हे तिने मोजून कबूल केलं होतं, स्वतःपाशी. रविवारी म्हणालेलं ते "जा" तिच्या तोंडातून पहिल्यांदा निघालं होतं. आणि नेमकं तेच चुकीच्या मापाचं. हसावं तर हसू येईना, रडावं तर बसमध्ये.

पहिला प्रयत्न, बसच्या खिडकीत, ओठ न हलवता:
अरे, चुकलं माझं, रविवारी मी नीट बघितलं नाही.
(तो म्हणेल: तू नीट बघत नाहीस? तू? आणि त्याला खरं वाटणार नाही.)
दुसरा प्रयत्न:
तळ वाकलाय. काढ ते.
(तो म्हणेल: झालं सुरू.)
तिसरा:
काहीच बोलायचं नाही. एक दोरा ताणायचा.

तिसरा तिला आवडला. कवळीवाल्या डॉक्टरला पण तर हेच सांगायचं असतं, वाद घालू नका, नवं माप घ्या. तोंड कुठे आहे ते साच्यात शोधायचं नसतं, तोंडात शोधायचं असतं. आणि होडीचं तोंड आतल्या बाजूला नव्हतं, जिथे ते सगळे महिने वाकून काम करत होते. ते बाहेर होतं, खाली, जिथे पाणी लागतं. खाली कुणी बघितलंच नव्हतं. इतकं साधं. तिला एवढी खात्री वाटली की तिने डबा उघडला आणि पोळी खाल्ली.

शेड लांबून वासाने कळते. फायबर जोडायच्या रेझिनचा तो गोड, डोक्यात जाणारा वास दारापाशी दाट झाला आणि थोरलीची पावलं आपोआप भराभर पडू लागली. दारात भावजय बसली होती, मांडीवर पुठ्ठा, हातात मोठी कात्री, फायबरच्या कापडाचे पट्टे कापत. कपाळाला रुमाल. "अगंबाई, वन्सं! आज दांडी? का सगळ्या गावाचे दात उगवले?" "सुरू केलं त्याने?" "मघाशीच. एक बसवला पण. मला म्हणतो, ताईने पास केलंय, आता ब्रह्मदेव आला तरी थांबायचं नाही." भावजयीने कात्री थांबवली. ती थोरलीच्या तोंडाकडे बघत होती. "काय झालं?" "तुझ्याकडे तंगुसाचा दोरा आहे? गळाचा, जाड?" भावजयीने काही न विचारता उठून खिळ्यावरची रीळ काढली. या बाईचं हे तिला नेहमी बरं वाटे. प्रश्न मागाहून विचारायची, आणि मग एकही सोडायची नाही.

होडी उंच उभी होती, डेक कापलेली, वरून दिवा सोडलेला. धाकटा आत होता. फक्त डोकं दिसत होतं, मास्क लावलेलं, केसांवर पिशवी बांधलेली. "ताई!" मास्कमधून आवाज बादलीतून आल्यासारखा आला. "बघ, एक बसला. काय बसलाय! विटा ठेवल्यात वर. दुसऱ्याला लगदा लावतोय." शिडीवर चढून तिने आत बघितलं. डाव्या बाजूचा वासा तळावर बसलेला, दोन्ही कडांनी रेझिनचा दाट लगदा बाहेर आलेला, अंगठ्याने गोल ओढून साफ केलेला, वर विटांची रांग. सुंदर काम. लगद्याचा एवढा सारखा गोल तिला स्वतःला जमला नसता. तिने हात लावला, कोमट होता. कोमट म्हणजे आत्ताशी कुठे धरायला लागलाय. कडक झाला की मग छिन्नी आणि ग्राइंडर, आणि तळाचंही कातडं त्याच्याबरोबर. "दुसऱ्याला लावू नकोस," ती म्हणाली. "का?" "खाली ये. पाच मिनिटं." "ताई, भांड्यात कालवलंय मी. हे थांबत नसतं." "माहीत आहे. जाऊ दे ते भांडं. ये."

तो आला नाही. मास्क कपाळावर सरकवला. नाकाभोवती लाल वळ, डोळे धुळीने बारीक. "बोल ना. तिथूनच बोल. काय चुकलं?" तिने ठरवलेलं, काही बोलायचं नाही, पण त्या वळाकडे बघून बोलली. "वासे बसले कारण आपण ते वाकलेल्या तळावर बेतले. टेकूंनी तळ आत दाबलाय." "कोण म्हणतं?" "मी." "रविवारी काय म्हणाली होतीस?" "चपखल म्हणाले." "जा म्हणालीस." "म्हणाले." "जन्मात एकदा," धाकटा म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता, आणि ते जास्त वाईट. "एकदा म्हणालीस आणि तेही तीन दिवस टिकलं नाही तुझ्याच्याने. ताई, मी पेचकस हातात घेतल्यापासून तू सांगतेस तसं करतोय. तू सांगितलंस घासून कोरडं कर, केलं. ॲसिटोनने पुसून घे, पुसलं. आणि आज मी एवढा खूश होऊन, हे बघ, हे बघ किती सरळ," त्याने वाशावर मूठ आपटली, विटा खणखणल्या, "आणि तू दातांच्या दुकानातून धावत आलीस मला थांब म्हणायला. कामावर बसून पण थांबवता येतं म्हणजे तुला."

भावजय शिडीच्या पायथ्याशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "झालं तुमचं? त्या खाली बोलावतायत तर पाच मिनिटं खाली यायला काय सरकारची परवानगी लागते?" "तू गप्प बस." "मी कधीपासून गप्पच आहे. म्हणून पट्टे कापून झाले."

थोरली शिडी उतरली. तिला राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं, पण वाईट वाटल्याने खात्री कमी होत नाही हे तिला त्या क्षणी स्वच्छ कळलं, आणि ते कळणं एखाद्या चांगल्या हत्यारासारखं हातात बसलं. ती होडीखाली वाकली, मग गुडघे टेकले, मग सरळ पाठीवर झोपली, सिमेंटच्या गार धुळीत, कामाच्या चांगल्या साडीत. तिच्या नाकाच्या वर होडीचा तळ होता. इतक्या जवळून तिने तो कधीच बघितला नव्हता. लहानपणी होडी नेहमी पाण्यात नाहीतर गाड्यावर. तळ म्हणजे ज्याबद्दल बोलत नाहीत ती बाजू. जुना निळा रंग, त्याखाली त्याआधीचा हिरवा, शिंपल्यांच्या पांढऱ्या चकत्या पडलेल्या. तिने दोऱ्याचं टोक पार मागच्या कडेला क्लॅम्पने आवळलं आणि रीळ घेऊन टेकूच्या बाजूने सरपटत पुढे गेली, जिथे तळ अजून वळायला लागलेला नव्हता. ताणला. जोर लावून ताणला, बोटं कापेपर्यंत, आणि तळाला लावून धरला. मग मोकळ्या हाताने मधोमध छेडला.

दोरा वाजला.

मोठा आवाज नव्हता. तुण्ण, असा, लांबलेला, जाडसर, आणि वर होडीच्या रिकाम्या पोटाने तो घेतला आणि मोठा करून परत दिला. तळाला लागलेला दोरा वाजत नाही. वाजायला मोकळी जागा लागते. वर आतमध्ये धाकट्याचं पाऊल हललं आणि थांबलं. तिने पुन्हा छेडला. तुण्ण. मग तिला शिडी कुरकुरलेली ऐकू आली, त्याचे बूट दिसले, मग गुडघे, मग तो स्वतः, तिच्याशेजारी पाठीवर, पिशवी बांधलेलं डोकं सिमेंटवर. दोघं लहान असताना गच्चीवर असं झोपायची, असं म्हणावंसं वाटेल, पण तसं काही नव्हतं. लहान असताना तो कधी एका जागी झोपला नव्हता. त्याने खिशातून विजेरी काढली आणि दोऱ्याच्या पलीकडून तिरपा झोत टाकला. दोरा आणि तळ यांच्यामध्ये उजेड होता. टेकूच्या डोक्यापाशी सर्वात रुंद, त्याने त्यात अंगठा घातला, अंगठा गेला. पुढेमागे निमुळता होत संपलेला. "आयला," तो म्हणाला. मग त्याने तिच्याकडे न बघता दोऱ्याचं टोक तिच्या हातातून घेतलं, दुसऱ्या बाजूच्या टेकूपाशी जाऊन ताणला, छेडला. तुण्ण. "तिकडे पण."

"मी या होडीतून," तो म्हणाला आणि वाक्य सोडून दिलं. मग दुसऱ्याच सुरात, "लगदा कोमट होता का गं अजून?" "होता." तो उठला, आणि त्याच्या उठण्यात ती जुनी घाई होती, वाक्य पुरं होण्याआधीची, आणि या वेळी तिला त्या घाईची किंमत कळली, तिने एकटीने तो वासा लगदा कडक होण्याआधी कधीच काढला नसता, ती आधी विचार करत बसली असती. त्याने विटा बाहेर फेकल्या, एक भावजयीच्या पायाशी पडली आणि तिने नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लाकडी पाचरी वाशाखाली लावल्या, हातोडीचे छोटे छोटे ठोके, टोकापासून. वासा सुटताना लगदा ताणला गेला, तार आलेल्या पाकासारखा, आणि एक ओलसर उसासा टाकून वर आला. तिघांनी मिळून तो शिडीवरून उतरवला. "हा गेला कामातून," भावजय म्हणाली. "जाऊ दे," धाकटा म्हणाला, "याला टेकू म्हणून वापरू." आणि उरलेला लगदा आत जाऊन खरवडत बसला, पत्र्याने, कापडाने, ॲसिटोनने, तोंडाने काहीतरी गुणगुणत. त्याने स्वतःचं ते सुंदर गोल काम एका पत्र्याच्या ओढीत पुसून टाकलं आणि मान वर केली नाही. थोरली शिडीवरून बघत होती. तिला वाटलं होतं तो रुसेल. रुसायला त्याला वेळ नव्हता.

मग शेडवाल्याला हाक मारली. तो आला, पोट खाजवत, आणि म्हणाला, "टेकू हलवायचे म्हणजे होडी कलंडेल, माझी जबाबदारी नाही." "तुमची जबाबदारी टेकू लावताना होती," थोरली म्हणाली, "आता माझी." असं बोलून ती स्वतःच थोडी दचकली, पण दचकलेली दिसली नाही. शेडवाल्याने तिच्याकडे बघितलं, धुळीने माखलेली ही शहरातली बाई, आणि मुकाट्याने आणखी ठोकळे आणून दिले. आधी बाहेरच्या कडांखाली, जिथे तळ आणि बाजू मिळून कोपरा होतो आणि फायबर स्वतःच्याच वळणाने कणखर असतं, तिथे आडव्या फळ्या लावून दोन्हीकडून आधार दिला. मग कण्याखालचे ठोकळे ठोकून पाहिले. मगच टेकूच्या डोक्यावरचा दांडा तिने हातात घेतला आणि फिरवला. कुरर्र. लोखंड खाली आलं. रंगात त्याचा गोल ठसा राहिला. तळ मात्र तिथेच राहिला, आत, सवय झालेला.

"आला का?" धाकट्याने आतून विचारलं.

"नाही. वजन दे. मधोमध नको, माझ्या बोटावर ये." तिने तळाला खालून बोटाने टकटक केलं. वर त्याची पावलं आली, टकटक शोधत, चुकली, मागे गेली, आणि बरोबर तिच्या तळहाताच्या वर येऊन थांबली. तिने हात सपाट लावला. दोघांच्यामध्ये कातड्याएवढं फायबर होतं, उन्हाळ्यांनी पिवळं पडलेलं, वडिलांच्या पायांनी घासलेलं, आणि त्यातून तिला त्याचं वजन कळत होतं, आधी एका पायावर, मग दुसऱ्या. "फळी ठेव पायाखाली. नुसत्या टाचेने नको." फळी सरकली. "आता हळूच." भावजयीने पुढे रीळ धरली होती, दोन्ही हातांनी, जीभ दातात. थोरलीने छेडला. तुण्ण.

"अजून."

त्याने पाण्याचा कॅन मागितला, शेडवाल्याने शिडीवरून दिला. तळाने एक बारीक आवाज केला, बर्फ पाण्यात टाकल्यावर करतो तसा, आणि तिच्या हाताला काहीतरी आलं. दाबल्यासारखं नव्हे, टेकल्यासारखं. तिने छेडला. आवाज वर चढला होता. आधीपेक्षा बारीक, आखूड. मोकळी जागा दोन्हीकडून मिटत आली होती.

"तुला ऐकू येतंय?" तिने विचारलं.

"येतंय. बायको कण्हतेय असं वाटतंय."

"बायकोचे हात कापतायत," भावजय म्हणाली, "लवकर उरका."

आणखी एक कॅन. मग तो वर थोडा वाकला असावा, गुडघ्यांवर आला असावा, कारण वजन पसरलं, मोठं झालं, तिच्या पूर्ण तळहाताएवढं, मग त्याहूनही रुंद. होडी श्वास सोडत होती. तिने छेडला. तिण्. छेडला. टिक्. तिच्या डोळ्यांत जुन्या निळ्या रंगाची पूड पडली होती, तिने ती पुसली नाही. तिने बोट दोऱ्याखाली घालून बघितलं तर नख गेलं नाही, आणि या वेळी नखावर विश्वास न ठेवता तिने विजेरी लावली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवली, आणि उजेड कुठूनही पलीकडे गेला नाही. मग छेडला. दोरा नुसता तळावर टपकला, टेबलावर बोट टपकावं तसा.

मग धाकट्याचा आवाज, तळाला तोंड लावून बोलत असावा इतका जवळून. "ताई? अगं, आवाज का बंद झाला?"

"आता नाही येणार," थोरली म्हणाली, "तू मात्र तिथून हलू नकोस, मी आडव्या फळ्या लावून घेते, मग दुसरी बाजू." आणि पुरती खात्री होती तरीही, नुसत्या हौसेने, तिने दोरा आणखी एकदा ओढून सोडला.